मुकं बटण

"आरं, बटण मुकं झालंय तुझं. दाबतूय, पण घेईना."

अंथुर्ण्याकडच्या दूध संकलन केंद्रातून सचिव तात्यांचा फोन आला तेव्हा संध्याकाळचं दूध सुरू झालं होतं. बारामतीहून दुचाकी काढली. भवानीनगर, सणसर, बेलवाडी करत पोचलो, तर किटल्यांची रांग दाराबाहेर आणि तात्या पुन्हा वहीवर. लिटर, फॅट, एसएनएफ, सगळं पेनानं.

ॲप माझंच, डॉटनेट माऊईत केलेलं. आदल्या रात्री मी त्यात 'सुधारणा' केली होती. आधी क्लिकचा कोड पानाच्याच फाइलीत होता. चालायचा, पण घाईत दोनदा बोट पडलं की एका किटलीच्या दोन नोंदी. म्हणून नोंदीचं काम व्ह्यू-मॉडेलमध्ये कमांड म्हणून हलवलं आणि बटणाला फक्त तिचं नाव बांधलं. नोंद कशी होते हे बटणाला कळायची गरज नाही, बटण कुठे आहे हे व्ह्यू-मॉडेलला. मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी २००५ मध्ये मांडलेली ही विभागणी मला फार आवडते. पानावरचं वरचं बटण चाललं, मी निर्धास्त झोपलो. खालच्या दूध उत्पादकांच्या यादीतली बटणं दाबून पाहिलीच नाहीत.

रात्री डीबग करताना लॉगमध्ये एक ओळ दिसली: उत्पादकाच्या क्लासमध्ये ही कमांड नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीचा बाइंडिंग कॉन्टेक्स्ट म्हणजे त्या ओळीतला उत्पादक, पानाचं व्ह्यू-मॉडेल नव्हे. हिशेब सचिवांचा, आणि बटण विचारत होतं दूध घालणाऱ्याला! कमांड सापडली नाही म्हणून ॲप कुरकुरतही नाही. त्यापेक्षा बंद पडलं असतं तर परवडलं.

दुरुस्ती एका ओळीची. रिलेटिव्ह सोर्स देऊन बटणाला पानाच्या व्ह्यू-मॉडेलकडे धाडलं. नोंद कुणाची, ते कमांड पॅरामीटरमधून. टेम्पलेटवर एक्स-डेटाटाइप लिहिला असता तर हे बिल्ड करतानाच कळलं असतं. आळस नडला. जाता जाता कमांड असिंक्रोनस केली. ती चालू असेपर्यंत बटण फिकं पडतं, दुसरा टॅप घेतच नाही.

सकाळी सहाला पुन्हा केंद्रावर. तात्यांनी बटण दाबलं, ते फिकं झालं.

"गेलं का परत?"

"नाही तात्या, नोंद करतंय."

नोंद उमटली. त्यांनी चष्मा वर करून ती पाहिली, आणि वहीतही लिहिली.