पुसले, पण गेले नाही

मी पोटासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. तेव्हा आमच्या सोसायटीने पाण्याच्या बिलांचा हिशेब माझ्याच गळ्यात घातला, यात नवल ते काय!

आमच्या धंद्यात कामाच्या दोन रीती आहेत. सगळा प्रोग्रॅम फाइलीत लिहून काढायचा आणि मग चालवायचा, ही शिस्तीची. दुसरी गप्पांची. आपण एक ओळ लिहायची, संगणकाने लगेच उत्तर द्यायचे, ते पाहून आपण पुढची लिहायची. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली 'लिस्प' ही भाषा रचायला घेतली, तिच्या घराण्यात ही रीत वाढली. मी 'पायथन'मध्ये तिचाच शौक करतो.

या गप्पांच्या बैठकीला आम्ही 'सेशन' म्हणतो. त्याची खोड अशी की, एकदा कानावर पडलेले ते सोडत नाही. फाइलीतली ओळ तुम्ही खोडा, बदला. त्याच्या स्मरणात जुनीच नांदत असते. एकदा वाचलेली फाइल 'पुन्हा आण' म्हटले, तरी पायथन ती नव्याने वाचत नाही. मुद्दाम वाचायला लावली, तरी खोडलेली नावे तशीच राहतात. होता होता कागद एक सांगू लागतो आणि यंत्र दुसरेच. वीज गेली की मात्र सेशन संपले. उरते ती फाइल.

एकदा मी पाण्याचा चुकलेला दर फाइलीत सुधारला आणि चालू सेशनमधूनच बिले काढली. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू हाताने मांडलेला हिशेब घेऊन आल्या.

"अरे, माझे एवढे होत नाहीत रे!"

मी ऐटीत फाइल उघडून दाखवली. "हा पाहा दर. बरोबर आहे ना? मग बिल चुकेल कसे?"

काकूंनी चष्मा लावून तो आकडा वाचला. "असेल बाबा," म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले.

रात्री सेशन बंद केले आणि सहज सगळे पहिल्यापासून चालवले. काकूंचाच आकडा आला, पैशापर्यंत!

सकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा मान वर होईना. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, मी कागदावरच्या दरानेच तर केला होता."

तेव्हापासून बिले काढण्यापूर्वी मी सेशन मोडतो आणि कोऱ्या पाटीवर फाइल चालवून पाहतो. दहा मिनिटे जातात. जाऊ देत. जे नव्याने चालते, तेच खरे.

यंदा दिवाळीत आईचा गुडघा दुखत होता, म्हणून सौभाग्यवतींनी तिच्या जुन्या वहीत पाहून चकल्या केल्या. अगदी मापात. तरी दगडासारख्या झाल्या.

"मोहन कमी पडले ग," आई पलंगावरून म्हणाली. "मी ते केव्हाच वाढवले आहे."

"पण आई, वहीत तर नाही!"

"वहीत कशाला हवे? माझ्या हाताला ठाऊक आहे."

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. मी उठलो आणि वही नि पेन आईच्या उशाशी नेऊन ठेवले.

"आई, सांग," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांग."