पाराखालचा क्लॅरिनेट

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघाला की मारुतीच्या पाराशी थांबायचा. नवरदेव घोड्यावरून उतरून देवळात जायचा आणि बँडवाले पाराखाली उभे राहायचे. जालना जिल्हा १९८१ साली १ मे रोजी झाला, तेव्हाची ही गोष्ट. ‘कुर्बानी’तलं बिद्दूंचं डिस्को गाणं त्या लगीनसराईत घरोघरी पोचलं होतं. ढोलताशावर त्याचा ठेका धरला की पोरं मातीत नाचायची.

मला आठवतं ते गाणं संपल्यावरचं. देवळात पाया पडणं लांबायचं, चाल तर वाजवून झालेली. मग क्लॅरिनेटवाला डोळे मिटून भलत्याच वाटेनं वर जायचा. ढोल ठेका सोडायचा नाही. ट्रंपेटवाला कान देऊन ऐकायचा आणि त्याला उत्तर द्यायचा. नवरदेव बाहेर आला की दोघं समेवर यावं तसे मूळ चालीत उतरायचे.

पुढे जॅझ ऐकला तेव्हा हे सगळं ओळखीचं वाटलं. ठेका सगळ्यांचा, मधली जागा ज्याची त्यानं भरायची. आल्दोन्याचे चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये ट्रंपेटवर हेच करायचे. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यांना सिनेसंगीतात आणलं. १९५१ च्या ‘अलबेला’त तर ते आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतात. पुणतांबं गोदाकाठचं, तीच गोदावरी खाली आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहते. चिक यांना निदान नाव मिळालं. स्टुडिओत त्यांच्यासारखेच फुंकणारे कितीतरी गोवेकर वादक मात्र पडद्यावरच्या नामावळीत कधी आलेच नाहीत.

आता परण्यापुढे डीजे असतो. नवरदेव देवळात असतानाच पुढचं गाणं सुरू होतं. कुणालाच थांबावं लागत नाही, त्यामुळे ती मधली जागाही उरलेली नाही. माझ्या मते खरं संगीत त्या थांबण्यातच जन्मत होतं.

बँडवाल्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसायची. मी पोरसवदा, वाढायला असायचो. क्लॅरिनेट मांडीशी ठेवून तो माणूस खाली मान घालून जेवायचा. मी त्याला दोनदा बुंदी वाढली. नाव एकदाही विचारलं नाही.