अर्धं घरटं दाखवा

किहीमला बसून पुण्यातल्या टीमबरोबर सॉफ्टवेअर लिहितो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "नेटचं काय?" नेटचं जे व्हायचं ते होतंच. कधी पाऊस, कधी रस्ता खोदताना तुटलेली केबल. पण मंडळी, खरं काम अडतं ते एकमेकांची वाट बघण्यात.

आमच्याकडे जो तो आपलं काम तीन-तीन आठवडे स्वतःजवळ ठेवायचा. मग एकदम हजार ओळींचा कोड तपासायला पुढे. एवढं कोण वाचणार? वरवर बघून 'ठीक आहे', आणि रिलीजच्या आदल्या रात्री दोघांचे बदल एकमेकांत अडकलेले. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट बनवलं ते जगभर पसरलेल्या लोकांचं काम जुळावं म्हणून. बऱ्याच टीम ते नुसतं गोदाम म्हणून वापरतात.

१९३० मध्ये सालिम अली आपल्या किहीमला राहत होते, तेव्हा त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर घरटं अर्धंच विणून थांबतो. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडलं तरच तो पुढचं विणतो, लांब नळीसकट. नापसंत घरट्यावर जास्त गवत वाया जात नाही. (विणतो नर आणि नाव सुगरण, असो.)

टीमला हेच सांगितलं. दोन दिवसांत जेवढं झालं तेवढं दाखवा, समोरच्याने त्याच दिवशी बघा. आणि निर्णय फोनवर ठरला तरी लिहून ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी लिहिलेलं असेल तर दुसरा माणूस काम पुढे नेतो, डोक्यात असेल तर सगळेच थांबतात. आता रिलीजच्या रात्री जागरण क्वचितच होतं.

आता गावाचं. एकच रस्ता आधी पाण्याच्या पाइपसाठी, मग केबलसाठी खोदला जातो, कारण एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं. ग्रामपंचायतीबाहेर एक फळा लावा: कोण, कुठे, कधी खोदणार, आठवडाभर आधी. सॉफ्टवेअरवाले असाच बोर्ड वापरतात, मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातली. खर्च म्हणाल तर खडूचा.

पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. ज्यांची पोरं घरून काम करतात त्यांनी जरूर या. मुंबईची खोली सोडून ती इथे राहतायत, ती राहावीत एवढंच.