तापलेलं चुंबक

गावी गेलं की कुणीतरी विचारतंच, "बहारीनला नक्की काय करतोस?" मोटारींचं रिवाइंडिंग म्हटलं की विषय संपतो, कारण तो दुकानदार गावातही असतो. पण "क्रेनची चुंबकं दुरुस्त करतो" म्हटलं की पोरं जवळ सरकतात.

आमचं वर्कशॉप मीना सलमानच्या औद्योगिक भागात आहे. मालवाहू जहाजं 2009 पासून हिद्दच्या नव्या बंदरात जातात, पण आमच्यासारखी वर्कशॉपं इथेच राहिली. भंगार उचलणारी चुंबकं आमच्याकडे येतात. उलट्या परातीएवढी नव्हे, अख्ख्या जेवणाच्या टेबलाएवढी लोखंडी तबकडी; आत तांब्याच्या पट्टीची गुंडाळी, मधोमध मऊ लोखंडाचा गाभा. करंट सोडला की गुंडाळीभोवती चुंबकत्व येतं आणि गाभा ते कित्येक पटींनी वाढवतो. करंट बंद केला की माल खाली. पोलादाचा गाभा घातला असता तर माल सुटायला तयार झाला नसता.

लेकीच्या पुस्तकात लिहिलंय: वेढे वाढवा, ताकद वाढते. खरं आहे, करंट तेवढाच राहिला तर! गेल्या उन्हाळ्यात एका भंगार यार्डाचे मालक हेच सांगत आले. "सकाळी मस्त उचलतं, अकरानंतर माल गळतो. भाई, थोडे वेढे वाढवून दे." व्होल्टेज तोच ठेवून त्याच जाडीच्या तारेचे वेढे दुप्पट केले, तर तारेची लांबी दुप्पट, रेझिस्टन्स दुप्पट आणि करंट निम्मा. वेढे गुणिले करंट जिथल्या तिथे! तार जाड घेतली तर ताकद वाढते, पण उष्णताही वाढते, आणि ती जाणार कुठे?

खरं दुखणं तेच होतं. तांबं तापलं की दर अंशाला रेझिस्टन्स सुमारे 0.4 टक्के वाढतो. 20 अंशांची गुंडाळी 120 वर गेली की करंट चौथ्या हिश्शाहून जास्त घटतो. पुण्यात डिसेंबरमध्ये चुंबक सकाळी 15 अंशांपासून सुरुवात करतं. इथे जुलैत सावलीतच 40. माणसांना उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 उघड्यावर काम करायला बंदी असते. चुंबकाचा विचार कोण करतो?

त्यात भंगार म्हणजे सपाट पत्रा नव्हे. गंज, रंग, वाकडे तुकडे, मध्ये हवा. लोखंड आणि चुंबक यांच्यातली दोन-चार मिलीमीटरची फट करंटच्या घटीपेक्षा जास्त नुकसान करते. म्हणून सपाट ठोकळा जेवढा उचलला जातो, त्याच्या अगदी थोड्या हिश्शाएवढंच भंगार त्याच चुंबकाला झेपतं. हा फरक पाटीवर छापलेला नसतो.

त्या यार्डात अशीच एक प्लेट सुटली आणि बिहारच्या एका विशीतल्या पोराच्या दोन हातांवर पडली. पोर हसत होता. मला मात्र जेवण गेलं नाही. रिपोर्टमध्ये मी वेढ्यांचं काही लिहिलं नाही. लिहिलं: गरम असताना वजन कमी घ्या, मध्ये थांबा, चुंबकाखाली कुणीही उभं राहू नये, आणि वीज गेली तर माल धरून ठेवणारी बॅटरी लावा. मालक कुरकुरले. बॅटरी मात्र महिन्याभरात बसली.

हे घरी सांगितलं तर लेक म्हणाली, "बाबा, मग चुंबक फ्रीजमध्ये का नाही ठेवत?" हसू आलं, पण एमआरआय मशीनमध्ये जवळपास तेच करतात. तिथली गुंडाळी वेगळ्या धातूची, द्रव हेलियममध्ये उणे 269 अंशांवर ठेवलेली. रेझिस्टन्स शून्य, त्यामुळे एकदा सोडलेला करंट फिरतच राहतो. यार्डच्या मालकांना हे अजून सांगितलेलं नाही. ते लगेच हेलियमचा भाव विचारतील.