बेमस्टरच्या वाटेवरची अंडी

ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेला बेमस्टर नावाचा सपाट मुलूख आहे. पूर्वी इथे मोठे तळे होते. डच लोकांनी पवनचक्क्यांनी पाणी उपसून १६१२ साली ते कोरडे केले. जमीन समुद्रसपाटीपेक्षा सुमारे साडेतीन मीटर खाली, म्हणून उपसा अजून चालूच आहे. जिकडेतिकडे सरळ चर, गवत आणि गाई.

वाटेत एका शेतकऱ्याच्या दाराशी फळीवर अंडी नि बटाटे मांडलेले. विकायला कोणी नाही. पैशांचा एक डबा, आणि शेजारी काळ्या ठिपक्यांचा चौकोन. आपल्याकडे चहाच्या टपरीवर असतो तसाच. मी ऐटीत मोबाइल काढला. पण त्या चौकोनाला डच बँकेतले खाते लागते! खिशात नाणी होती म्हणून अंडी मिळाली.

तेवढ्यात घरातल्या बाई बाहेर आल्या. त्यांनी सांगितले, हे 'आयडील'. २००५ साली तिथल्या बँकांनी मिळून काढले. पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात जातात, मध्ये परदेशी कार्ड कंपनी नाही. त्या बँकांतली राबोबँक तर शेतकऱ्यांच्या पतपेढ्यांतूनच उभी राहिली. जर्मनीच्या रायफायझन यांचा हा विचार. आपल्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यामागेही तोच होता.

दुकानातल्या कार्डाची गोष्ट मात्र वेगळी. डचांची स्वतःची 'पिन' नावाची कार्डव्यवस्था होती. युरोपभर एकच कार्ड चालावे म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती बंद केली. आज त्यांच्या कार्डांवर मास्टरकार्ड नाहीतर व्हिसा, या दोन अमेरिकन कंपन्यांची खूण असते. लोक कार्डाने पैसे देण्याला अजून 'पिनन' म्हणतात. विहीर बुजली, वाडीला नाव विहिरीचेच! आणि त्याच २०१२ साली आपल्याकडे रुपे कार्ड सुरू झाले, हा योगायोग मला तिथे उभ्या उभ्या आठवला.

आता युरोपला घोर लागला आहे. साता समुद्रापलीकडच्या कंपनीने उद्या हात आखडला तर बाजारहाट कसा व्हायचा? म्हणून तिथल्या काही बँकांनी एकत्र येऊन २०२४ मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियममध्ये 'वेरो' सुरू केले. आयडील त्यांनी २०२३ मध्येच विकत घेतले होते. तेही वेरोत मिसळायचे ठरले आहे. स्वतःची मोडून पुन्हा नवी बांधायची, म्हणजे दुप्पट खर्च. पण करताहेत हे बरे.

बाई म्हणाल्या, "पाटीवरचे नाव बदलावे लागेल. डबा मात्र मी काढणार नाही."