काय करून राह्यले?

पुण्याशेजारची ती पिंपरी आणि वर्ध्याशेजारची ती पिपरी. नावात फरक एका अनुस्वाराचा, पण तेवढ्यात आगगाडीची अख्खी रात्र खर्ची पडते. शिवाय आमच्या पिपरीच्या मागे 'मेघे' लागते. सावंगी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे : वर्ध्याभोवती ही गावे एकाच घरातल्या बहिणींसारखी बसली आहेत. वर्धा शहर तसे वयाने लहानच. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी इंग्रजांनी ते वसवले. ते वाढत वाढत पिपरीला येऊन भिडले, आणि आता शहर कुठे संपले हे सांगायला रिक्षावालाच हवा. २०११ च्या जनगणनेने पिपरीला शहरात मोजले. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला.

हा 'राहिला' वाचकांनी जरा लक्षात ठेवावा. कारण पिपरीत पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर मी सांगेन, पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यात पहिला मान 'राहणे' या क्रियापदाचा.

माझी थोरली बहीण लग्न होऊन पिपरीत आली त्याला छत्तीस वर्षे झाली. तिच्याकडे निघालो की स्टेशनाबाहेरच सुरुवात होते. "कुठं जाऊन राह्यले, भाऊ?" रिक्षावाला विचारतो. वाटेत त्याचा सोबती हाक मारतो, "काय करून राह्यला बे?" आभाळाकडे पाहून एखादी बाई म्हणते, "पाऊस येऊन राह्यला." आपण 'जाताय', 'करतोयस', 'येतोय' म्हणून घाईने मोकळे होतो, इथे प्रत्येक कामाला घटकाभर मुक्काम करू देतात. पुण्याची मंडळी या बोलीला हसतात. हिंदीची नक्कल म्हणतात. शेजार आहे खरा. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या दुभाषी प्रांतात होता. पण 'तो वाट पाहत राहिला' हे वाक्य पुण्यातही चालतेच ना? मग हसायचे कशाला?

गेल्या खेपेला या क्रियापदाला अचानक परदेशी सोयरीक मिळाली. माझी भाची स्पॅनिश शिकते आहे. तिला पुढल्या वर्षी शिक्षणासाठी स्पेनला जायचे आहे. ओसरीवर वही उघडून ती एकाच शब्दाशी झगडत होती : केदार्से. "मामा, याला अर्थ तरी किती! थांबणे, उरणे, होऊन बसणे, ठेवून घेणे..."

मी म्हटले, "एकेक सांग पाहू."

तिने सांगितले, आणि मी थक्क झालो. लॅटिनमध्ये 'शांत, निश्चल' अशा अर्थाचा जो शब्द होता त्यातून हे क्रियापद आले. पुस्तक विसरले तर तिकडे, विशेषतः अमेरिका खंडातल्या स्पॅनिशमध्ये, म्हणतात, "से मे केदो एल लिब्रो एन कासा." म्हणजे? "पुस्तक घरी राहिलं." विसरणाऱ्याचा दोष नाही, पुस्तकच आपले राहिले! दुकानदाराला वरची चिल्लर सोडताना तेच क्रियापद, जिथे आपण 'राहू द्या' म्हणतो. मुलगी बिनलग्नाची राहिली, तेच. आणि बाईला दिवस राहिले, तर तिथेही हेच केदार्से! दोन टोकांच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता अशी जुळणी करावी, याची मला मोठी गंमत वाटली. सगळेच काही जुळत नाही म्हणा. तिकडे माणूस झोपी जातो तेव्हा, आंधळा होतो तेव्हाही हेच क्रियापद लागते. आपल्याकडे झोप लागते आणि दृष्टी जाते.

"आणि शेवटचं हे 'से' कशाला?" मी विचारले.

"ते 'स्वतः'चं. नुसतं केदार म्हणजे उरणं. दोन पोळ्या उरल्या, तसं. माणूस मनानं थांबला, की बहुधा 'से' लागतं."

तिने मान वर केली नाही. मीही बोललो नाही. भावजी गेल्याला तीन वर्षे झाली होती, भाची निघाली होती, आणि ताईला पुण्याला घेऊन जावे म्हणूनच मी आलो होतो. ताई पिपरीत उरणार होती की राहणार होती?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे सेवाग्रामला गेलो. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. १९३० साली स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असे म्हणून निघालेले गांधीजी जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्याला आले, आणि १९३६ च्या एप्रिलअखेर शेगाव नावाच्या या खेड्यात राहायला गेले. सेवाग्राम हे नाव मागाहूनचे. कुडाच्या भिंती, कौलांचे छप्पर, खाली सारवलेली जमीन. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ते इथून दिल्लीला गेले. परत येणे राहूनच गेले. बापूकुटीच्या दारात ताई बराच वेळ उभी होती. भाची मला हळूच म्हणाली, "इथं कुठलं घालायचं, मामा? 'से'चं की बिन'से'चं?"

रात्री जेवणानंतर मी विषय काढला. पुण्यात खोली रिकामी आहे, दवाखाना जवळ आहे, सगळे सांगितले. ताईने शांतपणे ऐकले.

"एकटी कशी राहशील?" मी म्हटले.

"एकटी? सकाळी शेजारची पोरं शिकायला येऊन राह्यली. मागं तुरीची शेंग भरून राह्यली. तूच सांग, मी कुठं मोकळी बसून राह्यली?" छत्तीस वर्षांत माझी पुण्याची बहीण पुरती पिपरीची झाली होती. "दिवाळीला येईन. चार दिवस राहीन. मग परत."

भाचीने वही पुढे ओढली. 'आई पिपरीत राहिली' हे वाक्य तिने दोनदा लिहिले होते. एकदा 'से' लावून, एकदा न लावता. ताईने चष्मा शोधला आणि विचारले, "यातलं माझं कोणतं?"

भाचीने बोट ठेवले.

"बरं. अन् 'करून राह्यली'ला काय लिहिलं?"

"त्याला दुसरंच क्रियापद लागतं, आई."

"मग अपुरंच आहे तुमचं स्पॅनिश," ताई म्हणाली आणि उद्याच्या दुधाचं भांडं घासायला उठली.