पेशीची सरहद्द

दहिसरचा नाका ओलांडून मीरा रोडला राहावयास आल्यापासून सरहद्दीचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. परंतु ज्या सरहद्दीने मला खरोखर विस्मित केले ती सजीव पेशीची आहे. एका मिलिमीटरचे दोन लाख भाग करावेत, त्यांतील एका भागाएवढी तिच्या आवरणाची जाडी. आणि तरीही मानवनिर्मित नॅनोकण, मग तो सोन्याचा असो वा स्निग्ध द्रव्याचा, बहुधा हे आवरण भेदून आत शिरत नाही. त्याचा स्पर्श होताच आवरणच आत वळते, क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी पुष्कळदा त्या खळग्याला आधार देते, आणि कणाला पोटात घेऊन एक सूक्ष्म पिशवी अंतर्भागात उतरते. तेथे आम्लता वाढत जाते व बहुतेक ऐवज लायसोसोममधील पाचक द्रव्यांच्या स्वाधीन होतो.

त्याहूनही विलक्षण बाब अशी की, पेशीपुढे तो कण मूळ रूपात हजर होतच नाही. रक्तात उतरताच तेथील प्रथिने त्याला चिकटतात, आणि पेशी रुजुवात घेते ती या पांघरलेल्या वेषाची. शास्त्रज्ञाने कष्टाने घडविलेला पृष्ठभाग तिच्या दृष्टीस पडेलच असा भरवसा नाही. आपल्या कृतीला अखेरचे रूप शरीर देते, हे सत्य मला फार मोलाचे वाटते.

भाईंदरहून सकाळच्या लोकलने, तपासण्यांच्या फायली छातीशी धरून, परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाकडे निघालेली माणसे पाहिली की या ज्ञानाची किंमत कळते. कर्करोगावरील, परंतु हृदयास अपाय करणारे डॉक्सोरुबिसिन हे औषध सुमारे शंभर नॅनोमीटरच्या स्निग्ध कोषात बंद करून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल चढविले, म्हणजे भक्षक पेशींची नजर काही काळ चुकते. असे डॉक्सिल नावाचे औषध 1995 साली अमेरिकेत मान्य झाले. आणि तेथे त्याची टंचाई पडली तेव्हा 2012 साली मुंबईच्या सन फार्माच्या लिपोडॉक्स या तशाच औषधाला तेथील औषध-खात्याने तात्पुरत्या आयातीची मुभा दिली.

मात्र अनाहूत कणांनाही हाच मार्ग खुला आहे. दुर्गंधी टाळण्यासाठी काही वस्त्रांत घातलेले चांदीचे सूक्ष्म कण धुण्याच्या पाण्याबरोबर सुटतात, आणि जिवाणूंना मारक असलेली ती चांदी जलचरांनाही अपाय करू शकते. आमच्या मीरा-भाईंदर शहराच्या तर उत्तरेस वसईची खाडी आणि पश्चिमेस उत्तनच्या कोळ्यांचा समुद्र. औषधातील कणाची जितकी कसून तपासणी होते तितकीच वस्त्रातील कणाची, तो बाजारात येण्यापूर्वी, व्हावी, आणि तिचा दस्तऐवज या पाण्यावर उपजीविका करणाऱ्यांना मराठीत वाचावयास मिळावा, अशी माझी मागणी आहे.